कसावा, सुरण, कोनफळ, रताळं: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या मालाला धरून दिली आहेत. आधी एकच सांगायचं आहे. प्रत्येक कंदाची रीत वेगळी असते. सुरणाची रीत कसाव्याला लावली किंवा बटाट्याची करांद्याला लावली की घसा तरी खाजतो, भाजी तरी कडू होते, आणि कसाव्याच्या बाबतीत त्याहून वाईटही होऊ शकतं. सणावाराच्या चालीरीतींतही हीच माहिती मुरलेली आहे, म्हणून इथे स्वयंपाक आणि रीतिरिवाज वेगळे काढलेले नाहीत.

मुंबईत कोणते कंद मिळतात आणि ते ओळखायचे कसे?

कसावा लांबट आणि टोकांना निमुळता असतो. वर झाडाच्या सालीसारखी तपकिरी साल, आत पांढराशुभ्र गर. माटुंगा, चेंबूर, वाशीकडच्या केरळी दुकानांत ‘कप्पा’ म्हणून मागितलात तर पटकन मिळेल. कोनफळ ओबडधोबड आणि जाड सालीचं, आतून जांभळं किंवा पांढरं. कणगी लहान, लांबट आणि अंगावर बारीक तंतुमुळं असलेली. करांदे वेलीला पानांच्या बगलेत लागतात, म्हणजे ते जमिनीखालचे नव्हेतच, पण खातात कंदासारखेच. सुरण आणि अळकुड्या बहुतेकांना ओळखता येतात.

कोनफळ, कणगी, करांदे हा थंडीचा माल आहे. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत वसई-विरार, पालघर, अलिबागकडून येणाऱ्या बायका स्टेशनाबाहेर टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडे विचारा. त्या भाव सांगताना उकडायची रीतही सांगतात, ती ऐकून घ्या.

कप्पा विकत घेताना काय बघायचं?

एक टोक मोडून दाखवायला सांगा. ताजा कसावा कट्कन तुटतो आणि आत एकसारखा पांढरा दिसतो. गरात निळसर-काळ्या रेषा दिसल्या तर तो सोडून द्या. काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच या रेषा दिसू लागतात. हा बुरशीचा रोग नसतो. कापलेल्या-खरचटलेल्या जागी हवा लागून कंद आतूनच बिघडत जातो. म्हणून कसावा बटाट्यासारखा टोपलीत साठवता येत नाही. लगेच करायचा नसेल तर सोलून, तुकडे करून, पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवा, किंवा अर्धवट उकडून फ्रीझरमध्ये टाका. मेणाचा थर दिलेले कंद जास्त टिकतात, पण त्यांचीही साल पूर्ण काढायची असते.

कसावा विषारी असतो असं ऐकलं. खरं आहे का?

कच्चा असताना, हो. त्यात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. कंद चिरला, किसला की पेशी फुटतात, गरातलंच एक विकर (एन्झाइम) लिनामरिनला भेटतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ‘गोड’ जातींत ते कमी असतं, ताज्या गरात किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या खाली. ‘कडू’ जातींत त्याच्या कितीतरी पट. केरळी दुकानांत येणारा कप्पा गोड जातीचाच असतो, पण चवीवर विसंबून राहू नका. एकाच जातीचा कंद पाण्याच्या ताणात वाढला तर त्यातलं प्रमाण वाढतं.

हे किरकोळ समजू नका. आफ्रिकेत, विशेषतः काँगोमध्ये, दुष्काळात लोकांना कडू कसावा पुरेसे दिवस भिजवायला सवड मिळाली नाही, जेवणात प्रथिनंही नव्हती, तेव्हा ‘कोंझो’ नावाचा पायांचा कायमचा लकवा गावोगाव पसरला. रीत तीच होती, फक्त दोन दिवस कमी केले गेले. मुंबईतल्या गोड कप्प्याला तो धोका नाही, मात्र कच्चा कसावा, कच्च्या किसाची कोशिंबीर किंवा रस कधीच नको.

मग कप्पा उकडायची बरोबर रीत कोणती?

चार माणसांना एक किलो घ्या. दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा इंच कापून टाका. मग दोन-दोन इंचांच्या गड्ड्या करा आणि प्रत्येकीला सुरीने उभी चीर द्या. चिरेत सुरीचं टोक घालून उचललं की वरचा तपकिरी पापुद्रा आणि त्याखालची जाड गुलाबी-पांढरी साल एकत्र निघून येते. ही दुसरी साल राहू देऊ नका, लिनामरिन तिथे सगळ्यात जास्त असतं. गड्डी उभी फोडून मधली दोरीसारखी वात ओढून काढा.

तुकडे धुऊन गार पाण्यात घाला. पाणी तुकड्यांच्या तिप्पट-चौपट हवं. झाकण न ठेवता पंधरा मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या, आमटीत वापरू नका. परत गरम पाणी, मीठ, चिमूटभर हळद घालून तुकडे फुटू लागेपर्यंत शिजवा आणि निथळा. केरळी घरांत ही दोन पाण्यांची रीत सर्रास आहे. तिचं कारणही नेमकं आहे: उकळत्या पाण्यात विकर लवकर मरतं, त्यामुळे उरलेलं लिनामरिन वाफेत न जाता पाण्यात उतरतं. पाणी फेकलं तरच ते जातं. म्हणूनच थोड्या पाण्यात मोठे तुकडे घालून कुकरच्या शिट्ट्या काढणं बरोबर नाही.

वाटण: अर्धी वाटी ओलं खोबरं, तीन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं, चार छोटे कांदे, दोन लसूण पाकळ्या, भरड. कप्प्यात घालून लाकडी डावाने ढोबळ ठेचा, वरून खोबरेल आणि कढीपत्ता. सोबत बांगड्याचं लाल कालवण हवंच. मलबारी कोकम मिळालं नाही तर आपलं आमसूल चालतं.

अर्धा तास उकडूनही कप्पा काचेसारखा टणक राहत असेल तर कंद जून किंवा शिळा आहे. आणखी शिजवून तो मऊ होत नाही.

कसाव्याबद्दल काही लोककथा आहे का?

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि सगळ्यात प्रसिद्ध कथा ब्राझीलच्या तुपी लोकांची आहे. टोळीप्रमुखाच्या मुलीला कुणा पुरुषाशिवाय दिवस गेले आणि तिला मानी नावाची अतिशय गोरी मुलगी झाली. ती लवकर चालायला-बोलायला लागली आणि वर्षभरात कसलंही दुखणं न होता वारली. तिला झोपडीतच पुरलं आणि त्या जागेला रोज पाणी घातलं. तिथे एक अनोळखी झाड उगवलं. एक दिवस जमीन भेगाळली, लोकांनी उकरून पाहिलं तर मुलीच्या अंगासारखी पांढरी मुळं होती.

ॲमेझॉनकाठच्या याच प्रदेशात कडू कसावा किसून, विणलेल्या लांब नळीत भरून पिळतात. त्या नळीला ‘टिपिटी’ म्हणतात. चोथा भाजून त्याचं जाडसर पीठ करतात, आणि पिवळा रस बराच वेळ उकळून ‘तुकुपी’ नावाचं आंबट कालवण करतात. कॅरिबियन बेटांवरची कसाव्याची भाकरी, कासाबे, 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

केरळच्या सणांत कसावा असतो का?

जुन्या सणांत फारसा नाही, कारण तो उशिरा आला. पोर्तुगीजांबरोबर मलबारात पोचला, पण खरा पसरला त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द 1880 ते 1885) यांनी लागवडीला जोर दिल्यावर. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि कप्पा गरिबाचं मुख्य अन्न झाला.

तिरुवातिरेच्या आदल्या रात्री निखाऱ्यात भाजून गुळात घालतात ती ‘एट्टंगाडी’ मात्र कोनफळ, सुरण, अळकुड्या, कणगी अशा जुन्या कंदांची. डिसेंबर-जानेवारीत येणारा हा बायकांचा उपवास आहे, आणि तेव्हाच हे कंद जमिनीतून निघतात.

साबुदाणा कसाव्याचाच ना? मग तो उपवासाला कसा चालतो?

आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या पिठीचाच. त्याआधी आग्नेय आशियातल्या साबू ताडाच्या बुंध्यातल्या पिठीचा दाणा आयात व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात आयात थांबली, तेव्हा तामिळनाडूतल्या सेलमला कसाव्यापासून तो करायला सुरुवात झाली. आजही आपला बराचसा साबुदाणा तिकडूनच येतो.

उपवासाला ‘धान्य नको’ हा नियम, आणि कंद धान्य नाही, म्हणून साबुदाणा, बटाटा, रताळं तिन्ही चालून गेले. यातला साबुदाणा आणि बटाटा कुठल्याही पोथीत असणं शक्य नाही. अडचण आहे ती वरईची, कारण ती तृणधान्य आहे, तरी ती आपण खातो. रीत घराघरांत वेगळी असते, आपल्या घरची पाळावी. फक्त एक लक्षात असू द्या: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेह असलेल्यांनी एकादशीला वाडगाभर खिचडीपेक्षा राजगिरा आणि दाण्याची आमटी बघावी.

साबुदाणा कंद महिनोन्महिने सडवून करतात, हे खरं आहे का?

मोबाइलवर फिरणारा हा मजकूर चुकीचा आहे. कंद सोलून, धुऊन, कुस्करून त्याचं दूध काढतात. ते टाक्यांत काही तास निवळलं की पिठी तळाशी बसते. तिची ढेप फोडून, हलवत दाणे वळतात, गरम तव्यांवर भाजतात आणि वाळवतात. महिनोन्महिने सडलेल्या पिठीचा पांढरा, घट्ट दाणा होणारच नाही. पिठी अशी वारंवार धुतली जात असल्यामुळेच साबुदाण्यात लिनामरिनचा प्रश्न उरत नाही.

खिचडीचा गोळा होतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणी. मध्यम साबुदाणा वाटीभर घेऊन दोन-तीन वेळा हलक्या हाताने धुवा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. दाण्यावरची सुटी पिठी राहिली तर तीच खळ होते. मग पाणी काढून टाका आणि दाणे जेमतेम ओले राहतील एवढंच, साधारण पाऊण वाटी, ठेवून पाच-सहा तास झाका. मधे एकदा वरखाली करा. दाणा दोन बोटांत दाबल्यावर मधे कण न लागता पूर्ण चेपला पाहिजे.

परतण्याआधी पाऊण वाटी दाण्याचं कूट, मीठ, साखर साबुदाण्यालाच चोळा. कूट दाण्यांभोवती बसतं आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत. तूप, जिरं, मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, मग साबुदाणा. मध्यम आचेवर पाच ते सात मिनिटं, झाकण एकदाच, दोन मिनिटं. दाणे पारदर्शक दिसले की लगेच उतरवा. नंतर ढवळत राहिलात की गोळा ठरलेला.

नायलॉन साबुदाणा भिजवायचा नसतो. तो चिवड्यासाठी थेट कडक तेलात, थोडा-थोडा तळायचा. तेल पुरेसं तापलं नसेल तर मधे कच्चा राहतो आणि दाताला लागतो.

ऋषीची भाजी कशी करायची? दरवर्षी घसा खाजतो.

घसा खाजतो तो अळू आणि सुरण अर्धवट शिजल्यामुळे. भोपळा विरघळेल या धास्तीने सगळं लवकर उतरवलं जातं. उपाय क्रमाचा आहे.

सहा माणसांसाठी सुरण पाव किलो, अळकुड्या पाव किलो, अळूची एक जुडी देठांसह (देठं सोलून), दोन कणसं, रताळं एक, लाल भोपळा पाव किलो, पडवळ एक, शिराळं एक, भेंडी दहा, लाल माठ एक जुडी, अंबाडे चार-पाच. सुरण, अळकुड्या, अळूची देठं, कणसाचे तुकडे आणि ठेचलेले अंबाडे आधी एकत्र शिजवा, सुरणाचा तुकडा डावाने सहज मोडेपर्यंत. अळूची पानं चिरून घाला, आणखी दहा मिनिटं. मग रताळं, त्यानंतर फळभाज्या, शेवटी माठ. मीठ, ठेचलेली मिरची, ओलं खोबरं. तेलाची फोडणी नाही. काही घरांत वरून लोणी किंवा तूप घालतात.

अंबाडे वगळू नका. ते नसतील तर चुका किंवा चिंच घाला. आंबटाशिवाय खाज जात नाही, आणि भाजीत अंबाडे असण्याचं हे एक कारण आहे.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं का खायचं नाही? ट्रॅक्टरने पिकवलेलं चालेल का?

व्रताच्या कहाणीत एका घरचे आईबाप पुढच्या जन्मी स्वतःच्या मुलाच्याच दारी कुत्री आणि बैल होऊन येतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत साप गरळ टाकतो. ब्राह्मणांचा जीव जाऊ नये म्हणून कुत्री खिरीला तोंड लावते, तर सून तिला जळत्या कोलिताने मारते. बैलाला मुलगा दिवसभर राबवतो आणि उपाशी ठेवतो. रात्री दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगतात, ते मुलगा ऐकतो आणि ऋषींकडे जातो. ऋषी त्याला हे व्रत सांगतात. जुन्या कहाणीत आईच्या जन्माचं कारण विटाळ दिलं आहे. आज बऱ्याच घरांत तेवढा भाग गाळून वाचतात, आणि ते योग्यच आहे.

काटेकोर अर्थाने परसातलं, कुदळीने लावलेलं किंवा रानात आपोआप उगवलेलं चालतं. ट्रॅक्टरला बैल नाही, त्यामुळे शब्दशः बाधा येत नाही. पण व्रत मनापासून करायचं असेल तर पंचमीच्या आधी दादर, बोरिवलीला आदिवासी बायका जे वाटे घेऊन बसतात, ते घ्या. त्यात खरोखरच परसातला आणि डोंगरातला माल असतो.

सुरण चिरताना हात खाजतात, त्यावर उपाय?

सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. माती धुऊन सुरण पूर्ण कोरडा करा, हातांना खोबरेल लावा, मगच सोला. चिरताना हात ओले करू नका. इंचभर फोडी चिंच किंवा आमसूल घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि ते पाणी टाका. मग काप करा, भाजी करा, काहीही. ‘गजेंद्र’ जातीचा सुरण मुळातच कमी खाजतो. मूतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा.

उत्तर भारतीय शेजारी दिवाळीला सुरण आणि छठला कसलेसे छोटे कंद आणतात, ते काय?

पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडे दिवाळीला सुरण खाल्लाच पाहिजे असा रिवाज आहे. न खाणारा पुढच्या जन्मी चिचुंद्री होतो असं मुलांना सांगतात. कापून टाकलेल्या तुकड्यालाही डोळा असेल तर सुरण पुन्हा फुटतो, म्हणून तो बरकतीचा मानतात.

छठच्या सुपात हळदीचं आणि आल्याचं पानांसकट रोप, मुळा, रताळं आणि ‘सुथनी’ असते. जुहूच्या किनाऱ्यावर कार्तिक शुद्ध षष्ठीला ही सुपं बघायला मिळतात. सुथनी म्हणजे आपली कणगीच. कोकणात जी मीठ घालून उकडतात, केरळात जी एट्टंगाडीत भाजतात आणि बिहारात जी सूर्याला वाहतात, ती वनस्पती एकच आहे. छठच्या आठवड्यात कणगी मिळत नसेल तर जवळच्या बिहारी भाजीवाल्याकडे सुथनी मागा.

करांदे कडू लागले. खावेत का?

किंचित कडसर चव ही करांद्याची खूणच आहे. सालासकट, भरपूर मीठ घालून, अर्धा-पाऊण तास उकडा, पाणी टाका, सोलून खा. पण जीभ आखडेल इतका कडू असेल तर टाकून द्या. तो रानटी असू शकतो. वारली, कातकरी, ठाकर लोक रानातले कडू कंद पातळ चकत्या करून उकडतात आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात. घरच्या नळाखाली ते साधत नाही. ओळख नसलेला रानकंद घरी करून बघू नका.

कोनफळाची खीर निळसर-करडी का होते?

कोनफळाचा जांभळा रंग आंबटात गुलाबी होतो आणि खाण्याच्या सोड्यात निळा-हिरवा. दूध तर साधारण तटस्थ, म्हणून खीर जराशी मळकट दिसणारच. पातेलं लोखंडी असेल तर आणखी काळपटते. पाव किलो कोनफळ वाफवून (पाण्यात उकडू नका, रंग पाण्यात जातो), गाळणीतून दाबून घ्या. लिटरभर दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा, शंभर ग्रॅम साखर आणि वेलची घाला, आणि गर अगदी शेवटी, दोन उकळ्यांपुरता. उंधियूत पापडी हिरवी राहावी म्हणून सोडा घालत असाल तर कोनफळ वेगळं तळून वरून घाला.

रताळं गोड होण्यासाठी काय करायचं? फ्रिजमध्ये ठेवावं का?

फ्रिजमध्ये अजिबात नको. थंडीने मधला गर कडक होतो आणि मग कितीही शिजवलं तरी तसाच राहतो. गोडी वाढवायची तर हळू शिजवा. साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान रताळ्यातलं विकर पिष्टाची साखर करतं. मंद निखाऱ्यावर किंवा जाड तव्यावर झाकून तासभर भाजलेलं रताळं म्हणूनच मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत केलेल्यापेक्षा गोड लागतं.

महाशिवरात्र आणि आषाढीला घाईघाईने आलेल्या मालात किडकी रताळी पुष्कळ असतात. सोंड्या भुंग्याने पोखरलेलं किंवा काळे डाग पडलेलं रताळं कडू होतं आणि तो कडवटपणा डागापुरता राहत नाही. कापून उरलेलं वापरू नका, पूर्ण टाका.

पोपटी गच्चीत करता येईल का?

रायगडातली पोपटी, म्हणजे भांबुर्डीचा पाला अंथरलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि जाड मीठ भरून, तोंड पाल्यानेच गच्च बंद करून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. सोसायटीच्या गच्चीत हे करू नका, धूर आणि ठिणग्या दोन्हींचा धोका आहे. अलिबाग, पेण, रोह्याकडे जानेवारीत शेतावर करा. रताळी मोठी असतील तर दोन तुकडे करा, नाहीतर शेंगा करपतात आणि रताळं मधे कच्चं राहतं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की काढा. पाला भांबुर्डीचाच हवा. दुसऱ्या पाल्याने तो वास येत नाही.

बाल्कनीत यातलं काय लावता येईल?

कोनफळ सगळ्यात सोपं. मेमध्ये दोनशे-अडीचशे ग्रॅमचा, साल असलेला तुकडा घ्या. कापलेल्या बाजूला राख लावा, एक दिवस सावलीत सुकवा आणि दीड फूट खोल पिशवीत चार इंच खाली लावा. वेलाला ग्रिलवर चढू द्या. पाणी साचलं तर तुकडा कुजतो, म्हणून तळाला भोकं हवीत. डिसेंबरच्या सुमाराला पानं पिवळी पडली की पाणी थांबवा आणि दोन आठवड्यांनी पिशवी फाडून कंद काढा. कुदळ लावलीत तर तो हमखास तुटतो.